दसऱ्याआधीचं गवत

रंगनाथआण्णांशी बोलताना त्यांच्या तोंडाकडे बघून बोलायची सोय नव्हती, कारण ते कायम खाली बघत. नवखा माणूस म्हणायचा, चेअरमन मोठे लाजरे दिसतात. लाजबिज काही नव्हती. आण्णा तुमच्या पायाखालचं गवत बघत असायचे. बोलता बोलता वाकायचे, एक काडी उपटायचे, दाताखाली धरून चावायचे आणि तुम्ही लेकीच्या लग्नाचं आमंत्रण देत असलात तरी मध्येच म्हणायचे, "ह्यात काई दम न्हाई. ढोर तोंड लावणार न्हाई ह्याला." आमंत्रण देणारा पत्रिका हातात धरून तसाच उभा राहायचा.

आमचं गाव नेकनूरच्या अलीकडे, माळाच्या पोटाशी. तिथल्या दूध संस्थेचे आण्णा चेअरमन आणि मी सेक्रेटरी. बीडला बी.कॉम. करून, नोकरीसाठी हेलपाटे घालून कंटाळल्यावर मी गावात परतलो होतो. आमच्या वस्तीतल्या पोराला संस्थेत बसवायचं म्हटल्यावर काहींनी नाकं मुरडली होती. आण्णांनी त्यांना एवढंच विचारलं होतं की, तुमच्यापैकी कुणाला आकडेमोड येते का. त्यानंतर त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. सेक्रेटरी म्हणायचे. माझ्या आईलासुद्धा "सेक्रेटरीची आई" म्हणायचे, आणि आई त्या दिवशी भाकरी जरा मोठी थापायची.

गवताचं वेड त्यांना संस्थेमुळेच लागलं. सकाळी दूध घालायला रांग लागायची, कॅन भरायचे, टेम्पो जायचा, पण दुधाच्या पगाराच्या दिवशी लोकांच्या तोंडावर काही हसू दिसायचं नाही. जे यायचं ते सरकीच्या पेंडीत जायचं. घरचा कडबा संक्रांतीला संपायचा, मग विकतचा. आण्णा म्हणायचे, "आपण दूध विकत न्हाई बे सेक्रेटरी. आपण पेंड इकत घेतो अन् तिचं दूध करून परत देतो. मधी नुसती हमाली."

यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे गायरान. गावाच्या वरच्या अंगाला मोठा माळ होता. त्यावर कुसळी गवत माजलेलं. पावसात चार दिवस हिरवं दिसायचं, मग त्याला कुसळं धरायची आणि मग त्याच्यासारखं निरुपयोगी काही नाही. धोतरात घुसायचं, मेंढीच्या लोकरीत घुसायचं, गाईच्या हिरड्यांत रुतायचं. आण्णांचं म्हणणं, हे सगळं उपटून तिथं मारवेल आणि अंजन ही चाऱ्याची गवतं लावायची, माळ राखायचा, आणि गावाच्या दावणीला घरचं गवत आणायचं. माळाच्या खालच्या पट्टीत आमच्या वस्तीतली काही घरं पोटापुरतं पेरून खात होती. तेवढी पट्टी सोडून, हे त्यांनी कुणी बोलायच्या आत सांगून टाकलं.

परवानगीसाठी बीडच्या एका कचेरीत आम्ही किती चपला झिजवल्या ते आता आठवत नाही. तिथले साहेब प्रत्येक वेळी म्हणायचे, "गवत आहे ना तिथे? मग पुन्हा गवत कशाला लावायचं?" एकदा आण्णांनी त्यांना पाहणीला म्हणून बोलावलं. साहेब चांगली प्यांट घालून आले. आण्णांनी त्यांना माळावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, मध्येच काही तरी दाखवायचं म्हणून बसवलं, उठवलं, पुन्हा फिरवलं. परत आल्यावर साहेब संस्थेच्या ओट्यावर बसून मोज्यातली कुसळं काढत होते. काढलेलं कुसळ बोटाला टोचायचं, ते काढलं की दुसरं मांडीला टोचायचं. आण्णा समोर चहाचा कप धरून अतिशय गरिबासारखे उभे. म्हणाले, "साहेब, हेच आमच्या गाई रोज जिभेनं खात्यात." सही त्या आठवड्यात झाली.

मग गावाने काम केलं, आणि ते बघण्यासारखं होतं. कुसळी उपटली, उतारावर आडव्या सऱ्या पाडल्या. अंजनाचं बी कापसासारखं हलकं, वाऱ्यावर उडून जाईल म्हणून ते शेणामातीत कालवून त्याच्या गोळ्या करायच्या होत्या. संस्थेसमोरच्या पटांगणात बाया गोळ्या वळायला बसल्या. आमच्या वस्तीतल्या, गावातल्या, धनगरवाड्यातल्या. एका घमेल्यात सगळ्यांचे हात. आण्णा त्यांच्यातून फिरत एकेक गोळी हातात घेऊन बघायचे आणि मोठी दिसली की म्हणायचे, "हे काय दिवाळीचे लाडू हायेत का?" त्यावर शेवंताबाई म्हणाली, "तुमी गवताला खाऊ घालणार म्हणल्यावर लहान कावून करायचे?" सगळ्या हसल्या. आण्णाही हसले.

शेवंताबाई धनगरवाड्यातली. नवरा मेंढरं घेऊन घाटाखाली जायचा, तो एका वर्षी तिकडेच आजारी पडून वारला. मेंढरं दिरांत वाटली गेली. हिच्याकडे एक गाय उरली, लाल कंधारी जातीची, नाव तांबडी. तिला संस्थेची सभासद आण्णांनीच केलं होतं. ती तांब्याभर दूध आणायची, पण असं दाट की मी फॅट काढताना दुसऱ्यांदा बघायचो. गाय तिच्यामागे वाड्यात कुत्र्यासारखी फिरायची. शेवंताबाई मुलगी सासरी पाठवून एकटी राहत होती, म्हणजे तिच्या मते एकटी नव्हतीच.

कुरणाचा नियम आण्णांनी ग्रामसभेत घालून घेतला होता. बी पिकून खाली पडेपर्यंत विळा लावायचा नाही. दसऱ्याला कुरण उघडायचं, त्याआधी कुणीही नाही, चेअरमनसुद्धा नाही. पहिल्या वर्षी गवत विरळ आलं आणि टोमणे दाट. दुसऱ्या वर्षी मृगात चांगला पाऊस झाला, कुरण भरून आलं, आणि मग पाऊस जो गेला तो गेलाच. पोळ्याला बैल धुवायला ओढ्यात पाणी नव्हतं. बांध खरडून झाले, चाऱ्याला उसाचं वाडं चढ्या भावाने येऊ लागलं, चौसाळ्याकडे छावणी सुरू होणार अशी नुसती बोलवा होती. आणि त्या सगळ्या करपलेल्या मुलखात आमचा माळ तेवढा उभा. तांबूस, गुडघाभर, ओंब्या धरलेला. गावातल्या कुठल्याही दारातून तो दिसायचा. जनावरं त्याच्याकडे तोंड करून हंबरायची.

सभा झाली. आण्णा म्हणाले, "गवत अजून नवं हाय. आता कापलं तर यंदा एकेक भारा भेटंल अन् पुढल्या साली नुसता मुरूम ऱ्हाईल. कुसळी बी आपण उपटून टाकलीया. दसऱ्यापस्तोर कळ काढा." लोकांनी कुरकुर केली, पण मान्य केलं. त्यांचं खरं होतं, हे मी आजही सांगेन.

पितृपंधरवड्यात एके सकाळी दूध घालून झाल्यावर शेवंताबाई थांबून राहिली. रांग संपल्यावर आण्णांसमोर आली.

"आण्णा, तांबडीला घालायला काई न्हाई. कुरणातला एक भारा द्या."

आण्णा खाली बघत होते. "वैनी, दसरा आलाच की आता. कळ काढा."

"मी काढीन. तिला कसं सांगू?"

"तुमाला एक दिला तर समद्यांना द्यावा लागंल. उद्या निम्मं गाव विळे घेऊन उभं ऱ्हाईल."

"बरं," शेवंताबाई म्हणाली, आणि रिकामा तांब्या घेऊन गेली. ती भांडली नाही, रडली नाही, दुसऱ्यांदा मागितलं नाही. पुढे आण्णा मला कितीदा तरी म्हणाले, ती भांडली असती तर बरं झालं असतं.

नेकनूरचा बाजार हा आण्णांचा आवडता कार्यक्रम. काही घ्यायचं नसलं तरी जायचे. गाईंच्या रांगेतून फिरायचे, दात बघायचे, पाठीवर थाप मारायचे, व्यापाऱ्यांना चिडवायचे. त्या आठवड्यातही आम्ही दोघं गेलो होतो. जनावरं इतकी आली होती की पाय ठेवायला जागा नाही, आणि घेणारे मोजके. आण्णा लवकरच म्हणाले, चल, मन लागत न्हाई. आम्ही एसटीत येऊन बसलो. गाडी सुटता सुटता शेवंताबाई चढली. समोरच्या बाकावर बसली. आण्णा नेहमीप्रमाणे खाली बघत म्हणाले, "वैनी, झाला का बाजार?"

"झाला."

आण्णांची नजर तिच्या पायांपाशी होती. तिथे पिशवी होती, आणि पिशवीतून दाव्याचं टोक बाहेर आलं होतं. आमच्याकडे जनावर विकलं की घेणाऱ्याने आपलं दावं आणायचं असतं. विकणारा आपलं काढून घरी नेतो. आण्णांनी ते टोक बघितलं आणि गावापर्यंत तिथेच बघत राहिले. कंडक्टरने तिकिटाला हात पुढे केला तर मीच दोघांचं काढलं.

फाट्यावर उतरून ती पुढे गेली. आम्ही मागून चालत होतो. आण्णा एकदम थांबले.

"सेक्रेटरी, माझ्या घरामागं कडब्याची गंज हाय ना?"

"हाय की."

"मोठी हाय?"

"दसऱ्यापर्यंत पुरून उरंल."

"मग ती कावून आठवली न्हाई बे मला?" ते म्हणाले. "चार पेंढ्या त्यातल्या दिल्या असत्या तर कुठला नियम मोडत होता? तिनं कुरणातलं मागितलं अन् मी कुरणाचंच उत्तर देत बसलो. चेअरमन म्हणून न्हाई म्हणलं, ते ठीक हाय. पर शेजारी म्हणून मी बोललोच न्हाई तिच्याशी."

मी म्हणालो, आण्णा, तिनेही मागितली नाही गंजीतली. हे बोलल्याबरोबर मला कळलं की बोलायला नको होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सरळ तोंडाकडे. इतक्या वर्षांत मला त्यांचे डोळे नीट दिसले ते त्या दिवशी.

दसऱ्याला कुरण उघडलं. बी पडलं होतं. आमच्या वस्तीत त्या दिवशी सकाळी बुद्धवंदना असते, ती उरकून आम्हीही विळे घेऊन गेलो. प्रत्येक दावणीला भारे गेले. आण्णांनी स्वतः एक बैलगाडी भरून कडबा शेवंताबाईच्या दारात नेऊन टाकला होता, तो तिने शेजारच्यांच्या म्हशीला घातला.

पुढच्या वर्षी पाऊस पडला आणि कुरण असं आलं की कमरेएवढ्या गवतात माणूस दिसेना. पेंडीच्या दुकानदाराचं तोंड उतरलं. संस्थेचं दूध वाढलं, नवीन इमारत झाली, लोकांनी दुसरी-तिसरी गाय बांधली. बाहेरगावच्या संस्थांचे लोक जीपगाड्या भरून कुरण बघायला यायचे. आण्णा तेव्हा हमखास गायब. मीच त्यांना फिरवायचो आणि चेअरमन आजारी आहेत म्हणून सांगायचो. एकदा एका समारंभात त्यांना हार घालून माईकसमोर उभं केलं. आण्णा म्हणाले, "गवत चांगलं हाय. बी पडू दिलं म्हणून चांगलं हाय. बी पडू दिलं तवा आणखी काय झालं ते मला ठाऊक हाय." आणि खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं साधेपणा आहे.

नेकनूरच्या बाजाराला ते परत कधी गेले नाहीत. बीडला जायचं तरी बाजाराचा दिवस टाळायचे.

दरम्यान त्यांनी आपल्या गाईची एक कालवड शेवंताबाईच्या दारात नेऊन उभी केली. मीही बरोबर होतो. तेव्हा ती शाळेत खिचडी शिजवायच्या कामाला लागली होती. ती चुलीपासून उठून आली, कालवडीच्या गळ्याखाली हात फिरवला, चांगली आहे म्हणाली, आणि म्हणाली, "घिऊन जावा आण्णा."

"कावून? फुकट नको असंल तर दुधातून फेडा."

"तसं न्हाई. दुसरी आणली की पहिली कुठं गेली ते रोज आठवंल. आता दिवसातून एखाद्या टायमाला आठवती." हे तिने कुठलाही राग न ठेवता सांगितलं. परत येताना कालवड पुढे आणि आण्णा मागे. कालवड रस्त्यात चरत होती तरी त्यांनी ती काय खाते ते बघितलं नाही.

मला त्यांचा राग यायचा, खरंच सांगतो. गावाने त्यांना दोष दिला नव्हता, शेवंताबाईने दिला नव्हता. मी म्हणायचो, आण्णा, एक गाय गेली पण गावच्या गाई जगल्या, सोडा आता. ते म्हणायचे, "म्हणूनच सुटत न्हाई. माझं चुकलं असतं, गवत जळालं असतं, तर समद्यांनी शिव्या घातल्या असत्या अन् मोकळा झालो असतो."

त्यांनी एक केलं. कुरणात चोरून कापणाऱ्याला पूर्वी दंड होता, तो बंद केला. म्हणाले, ज्याच्यापाशी पैसा हाय तो दंड भरून गवत नेतो, अन् नसणारा बाजार गाठतो. दंडाच्या जागी राखण आली. एक भारा चोरला तर एक दिवस कुरणाच्या फाटकावर बसायचं आणि दुसऱ्याची जनावरं हाकलायची. आणि संस्थेच्या खर्चाने कडब्याची एक गंज राखीव ठेवायची, कुणी मागो न मागो, दुष्काळात अडलेल्याच्या दारात नेऊन टाकायची. ही गंज अजून असते. तिला मात्र त्यांनी स्वतःचं नाव लावू दिलं नाही.

मग वय झालं. आण्णांनी चेअरमनपद सोडलं, गुडघे गेले, गाई मुलाने विकल्या. पुन्हा एक वाईट दुष्काळ आला. पाण्याचे टँकर, छावण्या, सगळं पुन्हा. कुरण आता मुरलेलं होतं, तरी नियम नियमच. नवे चेअरमन तरुण आणि कडक, त्यांनी फाटकाला कुलूप घातलं.

भाद्रपद सरत आला होता. मी दुपारी संस्थेच्या ओट्यावर बसलो होतो. वेशीकडून एक भारा चालत येताना दिसला. खाली आण्णांचे वाकडे पाय. भर दुपारी, गावाच्या मधल्या रस्त्याने, दुकानांसमोरून. ओंब्या खालीवर हलत होत्या. एक-दोघांनी हाक मारली, "आण्णा, हे काय?" ते चालत राहिले. मी उठून मागे गेलो.

ते धनगरवाड्यात शेवंताबाईच्या अंगणात जाऊन उभे राहिले. ती म्हातारी झाली होती, मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. दावणीच्या जागी आता सरपण रचलेलं.

"वैनी, भारा आणलाय."

तिने वर बघितलं. "कुणाला? माझ्याकडं कुठं जनावर हाय?"

"ठाऊक हाय. तुमी मागितलता. द्यायचा राहिलता."

शेवंताबाई उठली, भारा उतरायला हात लावला. त्यातली एक ओंबी खुडून तळहातावर चोळली, फुंकर मारून बघितली आणि म्हणाली, "कवळं हाय बी. पंधरा दिवस अजून दम धरायचा की आण्णा."

आण्णांनी मान हलवली. मला वाटलं, ते तिथेच बसतील. पण ते वळले आणि सरळ संस्थेत आले, नव्या चेअरमनसमोर उभे राहून म्हणाले, मी भारा कापला, राखण लिहून घ्या. चेअरमन बिचारा खुर्चीतून उठलाच. म्हणाला, आण्णा, तुम्हाला कोण शिक्षा करणार? आण्णा म्हणाले, "तीच तर अडचण हाय."

दुसऱ्या दिवशी ते फाटकावर बसले. डोक्याला उपरणं, बाजूला पाण्याची बाटली, हातात काठी. तिसऱ्या दिवशीही बसलेले. त्याच्या पुढच्याही. घरचे येऊन बोलावून गेले. शेवंताबाई एकदा शाळेतून परतताना त्यांच्यासमोर खिचडीचा डबा ठेवून गेली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी माळावर गेलो. दसऱ्यानंतर लगेच मी मुलाकडे पुण्याला गेलो आणि हिवाळ्यात ते वारले तेव्हा तिकडेच होतो, त्यामुळे मला शेवटचे दिसले ते असे, माळाच्या फाटकावर, दगडावर बसलेले.

मी म्हणालो, "आण्णा, एका भाऱ्याला एक दिवस. नियम तुमीच केलाय. उठा आता."

त्यांनी पायाशी बघितलं.

"भाऱ्याचा एक दिवस, बरोबर हाय सेक्रेटरी," ते म्हणाले. "गाईचे किती, ते आपण ठरवलंच न्हाई."

आणि काठीला रेटा देऊन उठले, कारण खालच्या बाजूने कुणाची तरी शेळी कुंपणात तोंड घालत होती.